आप्पांचा नेव्ही ब्लू

"सुटाचा रंग? पाच मिन्टाचं काम हाय. चाळीस वर्षं झाली, कापडच फाडायलोय मी. पाटोद्यातल्या अर्ध्या नवरदेवांचे कोट ह्या हातानं मोजून दिलेत. डोळे मिटून सांगतो कुणाला कोणता रंग शोभतो ते."

एवढं बोलून गुरुलिंग आप्पा गादीवरून उठले, तिसऱ्या फळीवर डावीकडून दुसरा तागा होता तो ओढला आणि सगळ्यांच्या पुढ्यात धाडकन टाकला.

"नेव्ही ब्लू. विषय संपला. सटवा, माप घे पोराचं."

सटवा शिंपी दुकानाच्याच ओट्यावर मशीन टाकून बसायचा. त्यानं गळ्यातला टेप सरळ केला, कापडाचं टोक धरलं आणि सवयीनं उन्हात नेऊन बघितलं. मग उलटं करून बघितलं. मग आप्पांकडं बघितलं.

"आप्पा, हे वांगं हाय."

"काय बोलायलास?"

"वांगी रंग. चांगला भरताच्या वांग्यासारखा. हे घालून मन्मथ मुलाखतीला गेला तर साहेब लोक त्याला आधी भाजतेत की न्हाई बघा."

मन्मथला तेवढ्यात शिंक आली. त्याला नव्या कापडाच्या खळीनं शिंका यायच्या, लहानपणापासून. कापडवाल्याच्या घरात जन्मून हे असं. म्हणून तर तो शिकला, असं त्याची आई शिवकांताबाई सगळ्यांना सांगायची.

"ट्यूबलाइटचा दोष हाय," आप्पा म्हणाले आणि तागा गुंडाळायला लागले. "सिद्धाराम, तुला किती येळा सांगितलं, नळी बदल म्हणून."

थोरल्या पोरानं, सिद्धारामनं, वर बघितलं. नळी त्यानं परवाच बदलली होती.

पण गल्ल्याजवळ उभ्या असलेल्या वर्षाराणीच्या, म्हणजे सिद्धारामच्या बायकोच्या, ध्यानात एक गोष्ट आली. सासऱ्यानं कापडाकडं बघितलंच नव्हतं. फळ्या मोजल्या होत्या. एक, दोन, तीन. मग डावीकडून एक, दोन. दिवाळीच्या साफसफाईआधी त्या जागेवर नेव्ही ब्लूच असायचा. साफसफाईत तिनंच तो खालच्या फळीवर हलवला होता. आणि मागच्या आठवड्यात एका पाव्हण्याला आप्पांनी पांढरा म्हणून पिवळा शर्टपीस बांधून दिला, तेव्हा ती गंमत वाटली होती. आता वाटेना.

*

मुलाखत आयोगाची होती, पुण्याला, पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला. नायब तहसीलदार. मन्मथ ह्याआधी दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आला होता, आणि ह्या वर्षी वयाची मर्यादा संपत होती. म्हणजे ही शेवटची. न्हाई जमलं तर काय, हे आप्पांनी दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला सगळ्यांदेखत जाहीर केलेलं होतं: गुढीपाडव्यापासून मधली गादी, हातात मीटरपट्टी, आणि जन्मभराच्या शिंका.

त्यामुळं रविवारी दुकानावरच्या माडीवर बैठक बसली. आष्टीहून महानंदा आत्या आली. आप्पांची थोरली बहीण. तिच्या पोरांनी सहा वर्षांमागं तिथं रेडिमेडचं दोन मजली दुकान टाकलं, त्याच्या उद्घाटनाला आप्पा गेले आणि सगळ्यांसमोर "रेडिमेड म्हणजे उष्टं कापड" असं बोलून आले, तेव्हापासून बहीणभाऊ एकमेकाशी फक्त शिवकांताबाईच्या मार्फत बोलायचे.

"शिवकांता, तुझ्या नवऱ्याला विचार," आत्यानं पिशवीतून कव्हरातला सूट काढला, "ह्याच्यासारखं फिनिशिंग त्याच्या सटव्याला जमंल का?"

सूट कॉफी रंगाचा होता. बटनं सोनेरी.

"शिवकांता," आप्पा भिंतीकडं बघून म्हणाले, "अक्काला सांग, मुलाखतीला चालला पोरगा. बँडात वाजवायला न्हाई."

"बटनं बदलता येतेत!"

"आन् रंग?"

"रंगाला काय झालं? भारदस्त हाय. आमच्याकडून आत्ता एका सरपंचानं नेला."

"मंग सरपंचाच्या मुलाखतीला घालू," सिद्धाराम मधे पडला. "आत्या, आप्पा, माझं ऐका. काळा. काळ्याला तोड न्हाई. माझा लग्नातला कोट तसाच पडलाय कपाटात. एकदाच घातला. पँट तेवढी आता माझ्यानं चढत न्हाई, आन् ह्याला घातली तर उतरंल. पण कोट म्हणजे कोट हाय बे, मन्मथ. सटवा बाजूनं दोन टाके मारंल."

"काळा?" शिवकांताबाई आतापर्यंत दोन्हीकडचे निरोप पोचवायच्या कामात होती, ती एकदम स्वतःचं बोलली. "चांगल्या कामाला काळं घालून कोण जातं? तू लग्नात घातलास, तवा मी बोलले का? न्हाई बोलले. बघ काय झालं ते."

"काय झालं?" वर्षाराणीनं विचारलं.

शिवकांताबाईनं जीभ चावली. "तसं न्हाई गं. पोरगं पोटानं सुटलं, असं म्हणायलेय मी."

आता ह्या सगळ्यात मन्मथ एक शब्द बोलला असता तर बैठक तिथंच उठली असती. पण मन्मथ गेले चार महिने बीडला रामप्रसाद सरांच्या क्लासला जात होता. सरांचा एक नियम होता: मुलाखतीत कोणत्याही प्रश्नाला सरळ हो म्हणायचं न्हाई, सरळ न्हाई म्हणायचं न्हाई. आधी समोरच्याचा मुद्दा मान्य करायचा, मग दुसरी बाजू मांडायची, मग समतोल साधायचा. मन्मथनं ते इतकं घोटलं होतं की चहा पाहिजे का विचारलं तरी तो चहाचे फायदे मान्य करायचा.

"मन्मथ, तू सांग," आत्या म्हणाली. "कॉफी वाईट हाय का?"

"आत्या, तुमचा मुद्दा अतिशय रास्त आहे. कॉफी रंगात एक प्रगल्भता आहे."

"बघा!" आत्या म्हणाली.

"आन् काळा?" सिद्धाराम.

"काळ्या रंगाची परंपरा नाकारता येणार नाही, दादा."

"नेव्ही ब्लू?" आप्पा भिंतीला म्हणाले.

"निळा रंग प्रशासनाला पूरकच आहे, आप्पा. एकूण समतोल साधणं गरजेचं आहे."

आत्याचा चेहरा खुलला. सिद्धारामचा खुलला. आप्पांनी मान डोलावली. प्रत्येकाला वाटलं, पोरानं आपल्या बाजूनं कौल दिला, फक्त बाकीच्यांचं मन राखलं. शिकलेलं पोरगं, दुसरं काय करणार.

शेवटी सरांनाच फोन लावला, स्पीकरवर.

"राखाडी," सरांचा आवाज आला. मागं कुणीतरी सहकार चळवळीचे फायदे सांगत होतं. "फिकट राखाडी. डोळ्यात भरत नाही. उमेदवार लक्षात राहिला पाहिजे, सूट नाही. मन्मथ, कळलं?"

"सर, आपला मुद्दा रास्त आहे."

"हो, पण दुसरी बाजू काय?"

"दुसरी बाजू इथं बसलीय, सर."

फोन ठेवल्यावर माडीवर सगळे एकदम बोलायला लागले. राखाडी म्हणजे चुलीतली राख, असं आत्याचं मत पडलं. राख म्हणजे भस्म, आन् भस्म म्हणजे शुभच की, असं शिवकांताबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं नणंदेच्या विरोधात मत दिलं. त्यावर आत्या आणि आप्पा दोघं एकाच वेळी तिच्यावर ओरडले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा बहीणभावाचं एकमत झालं.

वर्षाराणी चहाचे कप गोळा करत होती. मन्मथजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "भावजी, तुमाला स्वतःला कोणता आवडतो?"

मन्मथनं हातातला कप ट्रेमधे ठेवला.

"वैनी," तो म्हणाला, "हा प्रश्न क्लासला कुणी विचारलाच न्हाई."

"मी विचारायलेय."

"मला कळंना झालंय. खरंच. सकाळपासून ज्याचं ऐकतोय त्याचं बरोबर वाटतंय. तिथं गेल्यावर नाव विचारलं तरी मी दुसरी बाजू मांडीन असं वाटायलंय."

वर्षाराणीला हसू आलं, पण ती हसली न्हाई. तिचं डी.एड. झालेलं होतं. लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिचं शाळेच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं, आणि त्या दिवशी तिला हळद होती. पत्र अजून तिच्या पेटीत होतं. ती ट्रे घेऊन खाली गेली आणि संध्याकाळी सगळे पांगल्यावर थेट ओट्यावर.

"सटवाभाऊ, राखाडी कापड काढून देते. मंगळवारपस्तोर शिवा."

सटवा मान हलवून थकला होता. "वैनी, सकाळधरनं तीन जण येऊन गेले. आप्पा म्हणले निळा शिव. सिद्धाराम म्हणला काळ्या कोटाला टाके मार. आत्याबाई म्हणल्या कॉफी पँटची उंची चार बोटं कमी कर, ही बघा, टाकून गेल्या. मी कुणाकुणाचं ऐकू?"

"आप्पांनीच पाठवलंय मला."

"आप्पांनी? राखाडी?"

"व्हय."

खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला न्हाई. तिला स्वतःलाच नवल वाटलं.

*

मंगळवारी संध्याकाळी सूट आला. माडीवर सगळे हजर. आत्या आष्टीला गेलीच नव्हती. मुलाखत झाल्याशिवाय जाणार न्हाई म्हणाली होती. मन्मथ आतून सूट घालून बाहेर आला. फिकट राखाडी, अंगाबरोबर बसलेला, एक सुरकुती न्हाई.

सिद्धारामनं तोंड उघडलं. आत्यानं पदर सावरून दम घेतला. आता दणका उडणार, म्हणून वर्षाराणीनं दाराची चौकट धरली.

आप्पा गादीवरून उठले. पोराभोवती एक फेरी मारली. बाही चिमटीत धरली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा," ते म्हणाले. "आता बोला. हेच म्हणत होतो मी. नेव्ही ब्लू. कसा खुललाय पोरगा."

खाली रस्त्यावरून वडापची जीप हॉर्न वाजवत गेली.

सिद्धारामनं बायकोकडं बघितलं. बायकोनं सासूकडं. शिवकांताबाईनं नणंदेकडं बघितलं, कारण महानंदा आत्यानं भावाला आयुष्यात एकदाही सोडलं नव्हतं. गोट्यांचा डाव असो की वाटणी असो.

आत्या भावाकडं बघत राहिली. ह्याच भावानं लहानपणी तिला परकराची छटा न् छटा निवडून दिली होती. कैरी वेगळी, पोपटी वेगळा, मेथी वेगळी, असं ओरडून ओरडून. तिनं पदरानं नाक पुसलं.

"गुरुलिंगा," ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा थेट. "नेव्ही ब्लूच पाहिजे होता. मला कॉफीचं उगंच वाटलं."

"मंग?" आप्पा म्हणाले. "चाळीस वर्षं झाली अक्का."

"हो रं."

"दादा, तुला काय वाटतं?" मन्मथनं विचारलं. त्याला अजून नीट कळलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या बाहीकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, परत बाहीकडं.

"निळा हाय," सिद्धाराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मस्त निळा. गप बस आता."

*

बुधवारी सकाळी सातची एसटी होती. प्रवासाला जीन्स घालायची, सूट बॅगेत न्यायचा, असं ठरलेलं. पण घरच्या देवाच्या पाया नव्या कपड्यात पडायचं, हे शिवकांताबाईनं ठरवलेलं. आणि नवं कापड हळदकुंकू लावल्याशिवाय घराबाहेर काढायचं न्हाई, हे तिच्याही सासूनं ठरवलेलं. तिनं ताटात दोन वाट्या ठेवल्या. एकीत कालवलेली हळद, एकीत कालवलेली विभूती. हळदीचं बोट कोटाच्या आत, अस्तराच्या कोपऱ्यात, कुणाला दिसू नये असं लावलं.

मन्मथ आप्पांच्या पाया पडला.

"थांब," आप्पा म्हणाले. "विभूती लावतो."

त्यांनी तीन बोटं वाटीत बुडवली. हळदीच्या.

शिवकांताबाईचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. आता बोलायचं म्हणजे कालचंही सांगावं लागलं असतं. सिद्धाराम छताकडं बघायला लागला. आत्यानं डोळे मिटून घेतले. आप्पांनी पोराच्या कपाळावर तीन आडवे पिवळेजर्द पट्टे ओढले, जरा लांब होऊन बघितले, समाधानानं मान हलवली आणि मग त्याच हातानं पोराच्या पाठीवर थाप मारली. चांगली जोरात.

"ज्यांचं नाव तुला ठेवलंय त्या मन्मथस्वामींचं नाव घे आन् जा. घाबरायचं न्हाई. विचारलं तर सांग, बाप कापडवाला हाय, रंगात चुकत न्हाई."

"हो, आप्पा," मन्मथ म्हणाला. दुसरी बाजू मांडली न्हाई.

आप्पा चावी घेऊन दुकान उघडायला खाली गेले. जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. मग एकदम आत्या ओरडली, "पाठ बघा पोराची!"

राखाडी कोटावर तीन पिवळी बोटं उमटली होती. एकदम मधोमध.

"कोट काढ, कोट काढ बे," सिद्धारामनं ओढून काढला आणि मोरीकडं पळाला. "दोन मिन्टात साफ करतो."

"अवो, साबण लावू नका!" वर्षाराणी मागं धावली. "हळदीला साबण—"

पण सिद्धाराम जन्मात कधी मोरीत बसला नव्हता. त्यानं कपड्याची वडी हाणून हाणून घासली. ती पोचली तोवर तिन्ही पिवळी बोटं लालभडक झाली होती. रक्तानं माखलेला हात कुणी पाठीवर ठेवल्यासारखी.

"हे लाल कावून झालं?" सिद्धारामनं विचारलं.

"कारण तुमी घासलं."

"आता?"

"आता काय? आणखी घासा!"

त्या झटापटीत साबणाचं पाणी दाराशी उभ्या मन्मथच्या पँटवर उडालं. मांडीवर दोन मोठे डाग. वर्षाराणीनं ती उतरवून घेतली, पाण्यानं पुसली आणि पंख्याखाली दोरीवर टाकली. "दहा मिन्टात वाळंल. मग बॅगेत टाकते."

सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यानंतरची दहा मिनिटं त्या घरात काय झालं हे पुढं कुणालाच धड सांगता आलं न्हाई. मन्मथ जीन्स घालत होता आणि आरशासमोर कपाळ घासत होता. सिद्धारामनं कपाटातून काळा कोट काढला आणि कुणाचं लक्ष न्हाई बघून बॅगेच्या तळाशी घातला. डांबरगोळ्यांसकट. आत्यानं कॉफी कोट त्याच्यावर घातला. अडचणीला असावा, वापरला न्हाई तर राहील तसाच. शिवकांताबाईला वाटलं, पुण्याला ऊन लागलं तर डाग उडंल. तिनं ओला राखाडी कोट पिशवीत गुंडाळून सगळ्यात वर ठेवला आणि चेन ओढली. वर्षाराणी इस्त्री तापवायला आत गेली होती.

"एसटी लागली!" खालून सटवा ओरडला. "मन्मथ, पळ!"

बॅग भरलेली होती. टम्म फुगलेली होती. ज्यानं त्यानं ती बघितली आणि ज्याला त्याला वाटलं, सगळं आलं.

एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता मन्मथच्या कपाळाकडं बघितलं.

"हळद झाली वाटतं. कवाचं लगीन हाय?"

"न्हाई. मुलाखत हाय."

"मुलाखतीला हळद लावतेत आता?"

मन्मथला चार महिन्यांचा क्लास आठवला. समोरच्याचा मुद्दा, दुसरी बाजू, समतोल. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. आष्टीकडची उघडी रानं मागं पळत होती. कालपासून घरात कुणी त्याला रंग विचारला नव्हता, आणि आता कुठं त्याला कळलं होतं की राखाडी त्याला खरंच आवडला होता.

"व्हय," तो म्हणाला. "आमच्यात लावतेत."

दुपारी अडीचला तो पुण्यात मित्राच्या खोलीवर पोचला. बॅग खाटेवर ठेवली, पाणी प्यायला, तेवढ्यात फोन वाजला. आप्पा होते. मागं दुकानात कुणी गिऱ्हाईक साडीचा फॉल दाखवा म्हणत होतं, आणि वर्षाराणी "आप्पा, तुमी बोला, मी काढून देते" म्हणत होती.

"पोचलास?"

"पोचलो, आप्पा."

"काय चुरगाळला का रे सूट?"

"न्हाई."

"उद्या उजेडात उभा राहा. नेव्ही ब्लू उजेडात खुलतो. खरं सांग, शोभतो का न्हाई?"

मन्मथनं खाटेवरच्या बंद बॅगेकडं बघितलं.

"लई शोभतो, आप्पा," तो म्हणाला. "तुमी रंगात चुकत न्हाई."

"मंग!" आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मन्मथनं बॅगेची चेन उघडली. बॅगेत तीन कोट निघाले. पँट एकही नव्हती.